शेवटच्या भागातली म्हातारी

१२ जानेवारी, सोमवार

‘कोरडी वेस’च्या चौथ्या भागाची फाइल आज दुपारी आली. हा शेवटचा. चार इंग्रजी कादंबऱ्या, त्यांचे चार चित्रपट, आणि पहिल्यापासून त्यांचे मराठी संवाद मी लिहिते आहे. सकाळी उल्हासनगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचं आणि दुपारी अंबरनाथला घरी येऊन परक्या माणसांच्या ओठांवर मराठी शब्द बसवायचे, असं सहा वर्षं चाललं आहे.

चित्रावर आडवं माझं नाव छापलेलं असतं, म्हणजे बाहेर गेलं तर कोणाकडून गेलं ते कळावं. कोणाला दाखवणार नाही, गोष्ट सांगणार नाही, अशा कागदावर मी सही केली आहे. माझ्या मुलीने, रिद्धीने, त्या कादंबऱ्या दोन-दोनदा वाचल्या आहेत. माझ्या आधी तिला शेवट माहीत आहे. तरी ती खोलीत आली की मी लॅपटॉप मिटते. ‘आई, पुस्तकं दुकानात मिळतात,’ ती म्हणाली. खरं आहे. पण सही केली आहे.

कामाला लागण्याआधी गोष्ट स्वतःसाठी मांडून ठेवते. एक शहर. पाणी सगळं वर, धरणमाथ्यावरच्या लोकांकडे. खाली तळवस्तीला दिवसाकाठी चाळीस मिनिटं सोडतात. नेरा नावाची तळवस्तीतली मुलगी त्याविरुद्ध उभी राहते. तिच्याबरोबर ओर्ला नावाची म्हातारी आहे. तिसऱ्या भागात पहारेकऱ्यांच्या गोळीने ओर्लाचा मुलगा मरतो. चौथ्या भागात तळवस्ती जिंकते.

तळवस्तीच्या लोकांना गावाकडची बोली द्यायची, ही कल्पना पहिल्या भागाच्या वेळी माझी. ओर्लाला तर मी अगदी आमच्याकडचं बोलायला लावलं. आम्ही जांभूळचे आगरी. ते लोकांना फार आवडलं. म्हातारीचे संवाद कॉलेजातली मुलंही म्हणून दाखवतात. त्याचा मला अभिमान आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

आई डोळे तपासायला आली आहे, रविवारपर्यंत राहील. गावात तिचा आवाज चार घरं पलीकडे जातो. इथे शेजारच्या बाई आल्या तरी ‘हो’, ‘बसा’, ‘बरं आहे’ एवढंच. थकली आहे आता.

१८ जानेवारी, रविवार

बदलापूरच्या थिएटरात या आठवड्यात तिसरा भाग पुन्हा लावला आहे, शेवटचा येण्याआधी लोकांना आठवण राहावी म्हणून. आईला जांभूळला सोडायचंच होतं, तर वाटेत तिला आणि रिद्धीला घेऊन गेले. आईने माझं काम कधी पाहिलंच नव्हतं. ‘लेक काय करते ते बघू तरी,’ ती म्हणाली.

आजचा प्रसंग जसा झाला तसा लिहिते.

ओर्लाचा मुलगा दगडांवर पडलेला. ती धावत येते, गुडघ्यांवर बसते. माझा संवाद: ‘आरं माज्या राजा, उठ ना रं! आता मी भांडू कोनाशी?’ सगळं थिएटर हसलं. दोन-चार टवाळ पोरं हसली असं नाही. बायका हसल्या, म्हातारे हसले. मागे कोणीतरी म्हातारीच्या आवाजात ‘उठ ना रं’ म्हणून दाखवलं आणि त्यावर आणखी एकदा हसू उसळलं. पडद्यावर ती बाई मुलाचं डोकं मांडीवर घेत होती.

मी आईकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट पाहत उभ्या होतो. आई म्हणाली, ‘तिचा पोर मेला ना?’

‘हो.’

‘मंग लोका हासली कनाला?’

मी म्हटलं, सवय झालीय त्यांना, ती म्हातारी मजेशीर आहे, आली की हसायचं असं ठरूनच येतात. आईने मान हलवली. पुढे जांभूळपर्यंत ती रिद्धीशी डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल बोलत राहिली.

१९ जानेवारी, सोमवार

जितेशचा फोन. तो डबिंगचा दिग्दर्शक, अंधेरीला त्यांचा स्टुडिओ आहे. मी कालचं सांगायला तोंड उघडलं, तर तोच आधी म्हणाला, ‘मॅडम, बदलापूरला हाऊसफुल होता म्हणे! म्हातारीला जाम रिस्पॉन्स. या वेळी तिचे दोन-तीन पंच एक्स्ट्रा टाका. ट्रेलरला एक पाहिजेच.’

‘ती मुलाजवळ रडते तिथे हसत होते, जितेश.’

‘हां, म्हणजे म्हातारी लोकांची लाडकी झाली ना.’

मला त्याचा राग यायला हवा होता. पण पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा काचेच्या अलीकडे बसून सगळ्यांत जास्त मीच हसले होते.

२२ जानेवारी, गुरुवार

चौथा भाग पुरता पाहिला. ओर्लाचा शेवटचा प्रसंग चुकला तर बाकी सगळं नीट होऊन उपयोग नाही.

तळवस्तीच्या हातात आता पाण्याचं मोठं चाक आलं आहे. धरणमाथ्यावरचे लोक, ज्यांनी कधी घागर उचलली नाही, ते भांडी घेऊन खाली रांगेत उभे. नेरा आता पुढारी झाली आहे. तिला वाटतं, यांनाही चाळीस मिनिटंच. पण ती म्हणते, निर्णय ओर्लाने करावा, तिने सगळ्यांत जास्त गमावलं आहे. म्हातारी चाकापाशी येते. तिचा चेहरा पडदाभर. कितीतरी वेळ ती रांगेकडे बघते. मग तीन इंग्रजी शब्द म्हणते: त्यांना पाणी पिऊ द्या, अशा अर्थाचे. आणि चाक फिरवते.

त्या तीन शब्दांवर बदलापूरसारखं हसू आलं, तर चार चित्रपट वाया गेले. आणि त्याला जबाबदार मीच.

म्हणून आज तिचे सगळे संवाद प्रमाण मराठीत लिहून पाहिले. स्वच्छ, नीट, कोणी हसणार नाही. वाचले तर ओर्ला आमच्या कॉलेजच्या माजी प्राचार्यांसारखी बोलत होती. पण मी स्वतःला सांगितलं, हेच योग्य. तिला प्रतिष्ठा मिळते.

रिद्धीला पुस्तकाबद्दल विचारलं. ते दुकानातलं आहे, त्यात सहीचा भंग नाही. ‘पुस्तकात ओर्ला कशी बोलते गं?’

‘कशी म्हणजे? सगळ्यांसारखी.’

‘तळवस्तीची बोली वेगळी नाही?’

‘नाही. सगळे सेम बोलतात. तूच वेगळी केलीस ना. आम्हाला वाटलं, तुला आजीची गंमत करायचीय.’

ती सहज बोलली आणि मोबाइलकडे वळली. मी खोलीत जाऊन इंग्रजी संहिता पुन्हा काढून पाहिली. तिचं बरोबर आहे. मूळ लेखकाने वरच्या आणि खालच्या माणसांच्या बोलण्यात काहीच फरक केलेला नाही. तो मी केला. वरच्यांना पुस्तकी मराठी आणि खालच्यांना आमची. सहा वर्षं मी त्याला ‘अस्सलपणा’ म्हणत आले.

२५ जानेवारी, रविवार

जांभूळला गेले. सहीचा विचार रात्रभर केला. शेवटी ठरवलं, चित्रपटाचं नाव नाही, गोष्ट नाही, फक्त ओळी वाचायच्या. तरीही हा भंगच आहे. नोंद करून ठेवते.

आई पडवीत वाल सोलत होती. समोरच्या रस्त्यापलीकडे जलकेंद्राच्या मोठ्या पाइपाची लाइन दिसते. लहानपणी आम्ही तिच्यावरून चालत शाळेत जायचो. मी म्हटलं, ‘काही ओळी वाचते, आपल्यासारखं वाटतं का सांग.’ आणि ओर्लाचे पहिल्या तीन भागांतले निवडक संवाद वाचले, त्यांत चौथ्यातल्या काही ओळी मिसळून. उन्नती, म्हणजे जी म्हातारीला आवाज देते ती नटी, जशी हेल काढून म्हणते, तसेच म्हणून दाखवले.

आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘ती पिच्चरमदली ना? कुठली बाय ही?’

‘आपल्यातलीच.’

‘आपलेतली नाय.’ तिने शेंग मोडली. ‘असा कोन बोलतं?’

‘तू बोलतेस ना, आई.’

‘मी?’ तिला खरोखर हसू आलं. ‘आपन कंदी ‘आरं’ आनि ‘रं’ करतो? ता घाटावरचा. आनि ‘माज्या राजा’? ता तमाशातला. ही बाय चार गावांची मिलून एक केलेली दिसतं. आनि येवरी आरडतं कनाला? बहिरी हाय का?’

शेजारची बनूबाई कुंपणापाशी येऊन ऐकत होती. तीही हसली, आईला म्हणाली, ‘टीवीवरची आगरीन हाय ती, सगुने. टीवीवर आपन सगली अशीच बोलतो.’

मी विचारलं, ‘मग पोरगा गेल्यावर ती काय म्हणेल?’

विचारायला नको होतं. अनंता, माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांपूर्वी काटई रस्त्यावर अपघातात गेला. तेवीस वर्षांचा होता. आईचे हात थांबले नाहीत.

‘मी का बोल्ली व्हती तवा?’ ती म्हणाली. ‘काय पन नाय. त्याचं पाय चादरीभायर आल्ते. बोल्ली, पाय झाका. येवरांच.’

मला ते आठवत होतं. तिसऱ्या भागातला प्रसंग लिहिताना आठवलं होतं. तेव्हा मी उठून चहा करायला गेले, आणि परत येऊन ‘आरं माज्या राजा’ लिहिलं.

२६ जानेवारी, सोमवार

कॉलेजात झेंडावंदन. परत आल्यावर दिवसभर एकच विचार.

जी बोली मी ओर्लाला दिली ती आईची नाही, हे काल कळलं. मग ती कोणाची? आज बसून आठवलं. बारावीनंतर उल्हासनगरला कॉलेजात गेले तेव्हा वर्गात मी ‘पानी’ म्हटलं की पाचजणी ‘पाऽनी’ म्हणायच्या. त्यांत दोघी सिंधी होत्या, त्यांचं स्वतःचं मराठी तोडकं, पण माझी नक्कल त्यांना चोख यायची. हेल काढून, हातवारे करून. वाईट मनाने नाही. मीही हसायचे, आणि पुढे पुढे त्यांच्यापेक्षा चांगली नक्कल मीच करायला लागले. गॅदरिंगला केली, बक्षीस मिळालं. एका वर्षात माझी बोली बदलली. वीस-पंचवीस वर्षांनी आमची बोली लिहायला बसले, तेव्हा हाताशी आली ती ही नक्कल. ओर्ला गॅदरिंगमधल्या माझ्यासारखी बोलते.

त्याच वर्षी त्या मैत्रिणी एकदा जांभूळला आल्या होत्या. मी आईला म्हटलं होतं, ‘तू आत बस, चहा मी आणते.’ लहान गोष्ट आहे. तिच्या लक्षातही नसेल.

३१ जानेवारी, शनिवार

पुन्हा जांभूळ. या वेळी ओळी घेऊन गेले नाही. फक्त प्रसंग सांगायचा आणि ती काय म्हणते ते लिहून घ्यायचं, असं ठरवलं. म्हणजे गोष्ट सांगणं आलंच. सहीचं जे व्हायचं ते होवो. जितेशला मी स्वतः सांगणार आहे.

आधी सोपा प्रसंग सांगितला. पहारेकरी म्हातारीची रिकामी घागर हिसकावतो आणि विचारतो, आत काय लपवलं आहेस? इथे जितेशला पंच हवा आहे. आईने डोळ्याचं पातंही लवू दिलं नाही.

‘तुजा सायेब बसलाय आत. हलू बोल, निजलाय.’

मी इतकी हसले की वही खाली पडली. बनूबाईने पलीकडून विचारलं, काय झालं. आईने तिला सगळा प्रसंग रंगवून सांगितला, पहारेकऱ्याचं काम स्वतःच करून. माझी आई विनोदी आहे. हे मी कधी विसरले कोण जाणे. ओर्लाची मजा तिच्या उच्चारांत आहे असं मी धरून चालले होते. ती डोक्यात असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग शेवटचा प्रसंग. चाक, रांग, समोर वरच्या वस्तीची माणसं, हातात भांडी. ज्यांच्यामुळे मुलगा गेला तीच. ‘ती म्हणते, पाणी पिऊ दे त्यांना,’ मी सांगितलं.

आई रस्त्यापलीकडच्या पाइपाकडे बघत राहिली. मला वाटलं, अनंताचं मनात आलं असेल. आलंही असेल.

‘पिऊ दे, असा नाय बोलनार ती,’ ती म्हणाली. ‘पिऊ दे म्हंजे जनावराला बोलतो तसा झाला. आनि ‘त्यांना’ कनाला? समोर उबी हायत ना ती? भांडी घेऊन आलीत. नलावर आपन का बोलतो? आपला झाला का दुसरीला बोलतो, घेवा भरून. भांडन झाला असला तरी बोलतो. पानी जायाचं असतं ना.’

घरी येऊन चित्रावर बसवून पाहिलं. इंग्रजीत दुसऱ्या शब्दाशेवटी, ‘देम’च्या ‘म’वर, तिचे ओठ स्पष्ट मिटतात. ‘घेवा भरून’मधला ‘भ’ बरोबर त्या जागी येतो. मी आठ वेळा पाहिलं. पडद्यावरची बाई तेच म्हणत होती असं वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

जितेशशी तासभर. आधी सहीबद्दल सांगितलं. ‘आईला ना? आईला काय, चालतं,’ असं म्हणून त्याने तो विषय मिटवला. मला ते इतक्या सहज मिटायला नको होतं.

मग संवाद. तो वाचत गेला. घागरीच्या ओळीवर मोठ्याने हसला. ‘हे ट्रेलरला!’ पुढे मात्र गंभीर झाला.

‘मॅडम, पण ही तीच म्हातारी वाटत नाही. तीन पिक्चर पब्लिकने एक आवाज ऐकलाय. चौथ्यात एकदम वेगळी?’

‘पहिल्या तीन भागांत मी चुकीचं लिहिलं.’

‘चुकीचं कसं? चाललं ना. आणि पब्लिकला कुठे कळतं, कुठल्या गावचं आहे ते.’

‘जांभूळला कळतं.’

‘जांभूळमध्ये किती तिकिटं जातील?’ तो म्हणाला, आणि लगेच, ‘सॉरी, तसं नाही.’ मग जरा थांबून: ‘राग मानू नका. पण तीन वेळा तुम्हीच लिहिलंत, तुम्हालाच आवडलं होतं. मी मालवणचा आहे. आमची भाषा पण लोक नाटकात हसायलाच वापरतात. मी कधी मनावर घेतलं नाही.’

मी विचारलं, ‘आईला दाखवलंस कधी?’

तो पुन्हा संवादांकडे वळला. शेवटी तडजोड झाली. शेवटचा प्रसंग माझ्या म्हणण्याप्रमाणे, पण आधीच्या हशाच्या दोन जागा राहिल्या पाहिजेत, आणि उन्नतीला जमलं पाहिजे. नाही जमलं तर जुनाच हेल. तीन भाग तिच्याकडून तोच घोटवून घेतला आहे, आणि रेकॉर्डिंग आठ दिवसांवर.

मी आईला फोन करून विचारलं, आवाज तूच देशील का? ‘छा!’ म्हणाली. ‘माजा आवाज परक्या बायच्या तोंडात? तिची ती बोलू दे. मी शिकवीन पायजे त.’

८ फेब्रुवारी, रविवार

उन्नतीला बदलापूर स्टेशनवरून घेतलं. बत्तीस वर्षांची, दादरची, नाटकात वाढलेली. रिक्षात ती मला म्हणाली, ‘मला आधीच सांगा, मी तुमच्या आईंना ऑफेंड केलंय का?’

‘तू नाही. मी.’

आईने तिला वाल सोलायला बसवलं. शिकवणं वगैरे काही नाही. नुसतं बोलत होती: अनंताच्या शाळेबद्दल, बनूबाईच्या सुनेबद्दल, जमिनीच्या मोजणीला आलेल्या माणसाने कुंपण ओलांडताना पँट कशी फाडली त्याबद्दल. उन्नतीने वही काढली तर म्हणाली, ‘ती ठेव. हात रिकामा ठेव, कान भरतील.’

दुपारी उन्नतीने ‘घेवा भरून’ म्हणून पाहिलं. तिचा तोच हेल, शेवटचं अक्षर ओढलेलं.

‘कनाला ओरतस?’ आई म्हणाली. ‘दोरी हाय का?’

दहा-बारा वेळा झालं. मग आईने तिच्या हातात सुपात साचलेल्या शेंगा दिल्या, ‘बनूला दे जा, आनि सांग घेऊन टाक.’ उन्नती कुंपणापाशी गेली आणि बनूबाईला म्हणाली, ‘घेवा, बनूबाई.’ सरळ. नाटक न करता. ती तिथेच थांबली आणि आमच्याकडे वळून पाहिलं. तिला कळलं होतं.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. दिवसभर आई उन्नतीशी आपल्या बोलीत बोलली, ओळख नसताना. माझ्या प्रश्नांना उत्तर देताना मात्र मध्येच ‘आहे’, ‘नाही’ म्हणायची. उन्नतीने संध्याकाळी विचारलं, ‘तुम्ही आईंशी आगरीत नाही बोलत?’ मी म्हटलं, सवय राहिली नाही. खरंच राहिली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अंधेरी. शेवटचा प्रसंग तिसऱ्या वेळी जमला. उन्नती ‘घेवा भरून’ म्हणाली आणि काचेअलीकडे कोणी हललं नाही. जितेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ‘ओके,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘अजून एक सेफ्टी घेऊ, जुन्या स्टाइलमध्ये. वरचे लोक मागतील तर असावा.’ तो टेकही झाला. दोन्ही फाइली वर गेल्या. कोणती लागेल ते आमच्या हातात नाही.

मी विरोध केला नाही. करायला हवा होता का? उन्नतीने जुन्या हेलाचा टेकही मन लावून दिला. तिचं कामच ते.

१४ मार्च, शनिवार

काल चित्रपट लागला. कोणता टेक ठेवला ते जितेशला माहीत नाही, की सांगायचं नाही, कळलं नाही. ‘थिएटरातच बघा मॅडम, सरप्राइज,’ म्हणाला. आईला नेऊ नये असं वाटतं. पुन्हा तेच झालं तर? पण तिने परवाच नवी साडी काढून ठेवली आहे, बनूबाईने फोनवर सांगितलं.

१५ मार्च, रविवार

बदलापूर, दुपारचा खेळ. आई, रिद्धी, बनूबाई आणि मी. थिएटर भरलेलं.

ओर्ला पहिल्यांदा दिसली तेव्हाच मागची पोरं हसायला लागली, तिने तोंड उघडण्याआधी. मग घागरीचा प्रसंग: ‘तुजा सायेब बसलाय आत. हलू बोल, निजलाय.’ थिएटर कोसळलं. पण हे हसणं वेगळं होतं, पहारेकऱ्याला हसत होते. आई रिद्धीच्या कानात म्हणाली, ‘ता माजा हाय.’ रिद्धीने तिला कोपर मारलं, ‘काय सांगतेस!’

नंतरचे दोन तास मी नीट पाहिले नाहीत. मी चाकापाशीच्या त्या ओळीची वाट बघत होते.

चाक आलं. रांग आली. म्हातारीचा चेहरा पडदाभर. मागे कोणीतरी ती नक्कल करायच्या तयारीत घसा साफ केला, हे मी ऐकलं. ती बोलली: ‘घेवा भरून.’

आमचा टेक होता. सरळ, हेल न काढता. कोणी हसलं नाही. मागचा घसा साफ करणाराही नाही. चाक फिरल्याचा आवाज येईपर्यंत थिएटरात श्वासाचाही आवाज नव्हता.

मग पडद्यावर रांगेतली पहिली बाई दिसते. वरच्या वस्तीतली, हातात चांदीचं भांडं, पुढे यायचं की नाही ते तिला कळत नाही. ती तशीच उभी राहते. त्या शांततेत माझ्या शेजारून, पडवीत बोलते तशा भरल्या आवाजात, आई म्हणाली, ‘आगो, ये ना फुरं! लाजतस कनाला? भर!’

दहा-बारा डोकी वळली. आणि माझा हात आईच्या मनगटावर गेला. मी ठरवून केलं नाही. पण गेला, आणि दाबला. तिला गप्प करायला.

आई लगेच थांबली. माझ्याकडे वळली आणि अगदी हळू, एकेक अक्षर सांभाळत, माझ्या शेजारणीशी बोलते तशा मराठीत तिने विचारलं, ‘हसतील का गं?’

किती वर्षं ती माझ्याशी मध्येमध्ये अशी सांभाळून बोलत होती, आणि का, ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मला वाटत होतं ती थकली आहे.

मी हात काढला. आमच्या बोलीत काही म्हणावं असं वाटलं, पण शब्द येईनात. इतक्या वर्षांनी जीभ वळली तर ती गॅदरिंगमधली नक्कलच व्हायची, अशी भीती वाटली. म्हणून एकच शब्द बोलले.

‘बोल.’

तो दोन्हीकडे सारखाच आहे. त्यामुळे मी आईशी कुठल्या भाषेत बोलले, ते मला आत्ताही सांगता येत नाही. तिला कळलं असावं. कारण पुढचा सगळा वेळ, शेवटची नावं येऊन दिवे लागेपर्यंत, ती त्या रांगेतल्या एकेकीला बोलावत होती.